तीन टनांचं बिऱ्हाड

सासऱ्यांनी बेचाळीस वर्षं दगडाच्या खाणीत काढली, पण घरातलं कपाट काही त्यांनी कधी इंचभर सरकवलं नाही. "हे डोंगर हलवतात, बूड तेवढं हलवत नाहीत," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सुनेनेही तेरा वर्षांत त्यांना खाटेवर नाहीतर मागच्या दारात चहा पितानाच पाहिलं होतं. खाणीत क्रेन आली तेव्हा शंभरावर माणसं घरी बसली, यांना मात्र ठेवून घेतलं, कारण क्रेन पोचत नाही अशा कपारीतले दगड तेच काढत, हे तिने ऐकलं होतं. पण ऐकीव कौतुकाला ती फारशी किंमत देत नसे.

ती शाळांचे गणवेश शिवायची, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी, एका मशीनवर. कपड्यांच्या कारखान्यातल्या सुपरवायझर बाई म्हणाल्या होत्या, "जागा दाखव, तीन मशीन देते. एक तारखेला बघायला येईन. जागा नसेल तर दुसरीला देईन, रांग लागलीय." जागा म्हणजे मागचं अंगण. आणि अंगणाच्या बरोब्बर मधोमध नऊ फूट लांब, मांडीइतका उंच दगड हातपाय पसरून पडलेला. घर घेतलं तेव्हापासून त्याच्यावर फक्त गोधड्या वाळत.

नवरा बोळाची रुंदी मोजून आला. "क्रेन आत यायची नाही. फोडायला घेतला तर शेजारच्यांची भिंत जाईल. बाईंना महिनाभर थांबायला सांग."

"त्या थांबणार नाहीत."

"मग राहू दे. एक मशीन आहेच की."

तिने ताट जरा आपटूनच ठेवलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "एक तारखेला किती दिवस आहेत?"

"उद्यापासून अकरा, बाबा."

"पुष्कळ झाले. कोपऱ्यात नेऊ त्याला."

सकाळी त्यांनी खाटेखालून पहार काढली, लाकडाचे ठोकळे आणि फळ्या काढल्या, आणि फडक्यात बांधलेले दोन गुळगुळीत गोटे. सासूबाई बघत होत्या. "माझ्या माहेरचा पितळेचा डबा हरवला यांनी. गोटे बघा कसे जपलेत."

पहिले दोन दिवस नुसती उचलाउचल. ठोकळ्यावर पहार टेकवून दगडाचं एक टोक बोटभर वर करायचं, खाली फळी सरकवायची. मग दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे फळी. सासरे जोर करताना दिसतच नव्हते. पहारीच्या लांब टोकावर नुसते रेलायचे, दाराला रेलावं तसे. सून फळ्या सरकवी. एकदा ती फळीसोबत हात आत घालू लागली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आधी लाकूड. हात नंतर. आणि शक्यतो हात नाहीच."

तिसऱ्या दिवशी दगडाच्या पोटाखाली एक सपाट फरशी गेली, फरशीवर ते दोन गोटे, मध्ये तीन बोटांचं अंतर ठेवून. खालच्या फळ्या काढल्या आणि एवढं धूड त्या दोन गोट्यांवर डुलत राहिलं. सासरे बायकोला म्हणाले, "या टोकावर बस."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

त्या बसल्या. दगड त्यांच्या बाजूला किंचित कलला, सगळा भार एका गोट्यावर आला, दुसरा मोकळा झाला. सासऱ्यांनी दूरच्या टोकाला तळहात लावला आणि पाळणा ढकलावा तसं ढकललं. तीन टनांचं बिऱ्हाड सावकाश फिरलं. मग मोकळा गोटा नव्या जागी, सासूबाई पलीकडच्या टोकावर, आणि दगड उलटा फिरला. दर फेरीला वीतभर पुढे.

"जन्मात पहिल्यांदा माझ्या वजनाचं चीज झालं," सासूबाई म्हणाल्या.

गेली तेरा वर्षं आपण या माणसाला नुसता चहा नेऊन देत होतो, असं सुनेच्या मनात आलं.

आठव्या दिवशी घात झाला, आणि तोही तिच्याच हातून. अंगणातली धूळ गणवेशांच्या पांढऱ्या कापडावर बसत होती, म्हणून सकाळी उठून तिने सवयीने बादलीभर पाणी शिंपडलं. फरशीखालची माती भिजली. सासऱ्यांनी दगड फिरवायला घेतला, फरशी एका कडेने खचली आणि दगड दणकन त्यांच्या बाजूला बसला. शेजारी रचलेल्या ठोकळ्यांवर तो अडला म्हणून पाय वाचले. पण मागे सरताना त्यांच्या कंबरेत चमक भरली.

त्यांना दोघींनी धरून खाटेवर आणलं. "पाणी मी शिंपडलं, बाबा," ती म्हणाली.

"माती बघायचं काम माझं होतं," ते म्हणाले. "खाट दारात ओढ. आणि आज त्याला हात लावू नकोस, माती सुकू दे."

"उरलेत तीन दिवस."

"एक मातीचा, दोन तुझे."

नवव्या दिवशी तिने ओली माती उकरून वाळू भरली. मग दोन दिवस स्वयंपाक उरकला की ती अंगणात असे. पहिल्यांदा ती अंगातली सगळी ताकद लावून पहारीवर लोंबकळली, तर दगड ढिम्म. "टेकू जवळ घे," खाटेवरून आवाज आला. तिने ठोकळा दगडालगत सरकवला आणि रेलली. टोक उचललं गेलं. इतकं अलगद की तिने घाबरून परत खाली सोडलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याची आई दगडावर बसून शेंगा सोलत होती आणि बायको एका हाताने दोघांना फिरवत होती. तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

अकराव्या दिवशी दिवेलागणीला दगड कोपऱ्यात, भिंतीलगत बसला.

एक तारखेला बाई आल्या. टेप लावून त्यांनी जागा मोजली, छपराचं विचारलं, होकारार्थी मान हलवली. मग जमिनीवर उरलेला दगडाचा ठसा आणि कोपरा बघून नवऱ्याला म्हणाल्या, "हा इथे मधोमध होता ना? किती माणसं लावलीत?"

"मी तर ऑफिसात होतो," नवरा म्हणाला. तेवढा तो प्रामाणिक होता.

"सुनेला विचारा," सासरे खाटेवरून म्हणाले. "मी खाणीत पंचवीस-तीस माणसं तयार केली. असा हात दोघातिघांचाच होता."

सासूबाईंनीसुद्धा यावर मान डोलावली. बाई तिच्याकडे वळल्या. ती काडी घेऊन मातीत मशीनच्या जागा आखायला खाली वाकली होती, आणि पहिलीच रेघ जरा वाकडी आली होती.