फारूखचा ड्रोन आणि माझं तोंड

आमच्या चिकलठाण्यात फारूखवाचून लग्न लागत नाही. बाप फोटोग्राफर होता, हा ड्रोनवाला. नवरा-नवरी सोडून ड्रोन जेवणाऱ्यांवर नेईल, कोण कितवा गुलाबजाम उचलतंय ते टिपेल. माझे पाच त्यानं अख्ख्या मांडवाला मोठ्या पडद्यावर दाखवले होते. तो राग माझ्या मनात होता, लपवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीतल्या निशाचं लग्न झालं. तिचा भाऊ मंदार सीमेवरून सुट्टीवर आलेला, वय तेवीस. जेवणं चालली होती. ड्रोन घूं घूं करत खाली आला आणि मंदार ताट उडवून टेबलाखाली! मांडव खो खो हसला. मीही हसलो. फारूखनं मात्र ड्रोन तिथंच उतरवला, "बॅटरी गेली" म्हणाला आणि पेटीत घालून टाकला. पेटीत भरलेल्या तीन बॅटऱ्या होत्या. मी डोकावून पाहिलं होतं.

महिन्याभरानं, मंदारची सुट्टी संपायच्या आत, बाहेरगावचा एक दिग्दर्शक आला. आजच्या लढाईतल्या तरुण जवानांवर माहितीपट करत होता. मंदार त्याच्यापुढं दोन दिवस बोलला. समोर माणूस नसतो, वर नुसता ड्रोनचा आवाज असतो, बंदूक रोखायची कुणावर? असं बरंच. साहेब म्हणे, "नुसतं बोलणंच होतंय." आणि मी टपरीवर चहा पिता पिता, टाळी मिळावी म्हणून, टेबलाखालचा किस्सा त्याला मीठमसाला लावून सांगितला.

दुसऱ्या दिवशी साहेबानं फारूखला गाठलं. "मंदार त्याच्या शेतात चालत असेल. त्याला न सांगता मागून ड्रोन आणा, एकदम खाली. रिॲक्शन खरी पाहिजे."

ही काय रीत झाली? पोरानं दोन दिवस काळीज उघडं करून दाखवलं, ते यांना कमी पडलं! आता त्याला पुन्हा भेदरवायचं, ते भेदरणं पडद्यावर लावायचं आणि खाली बसून टाळ्या घ्यायच्या. लाज कशी वाटत नाही?

फारूख थंडपणे म्हणाला, "जी साब. मंदार यायच्या आधी ट्रायल घेऊ."

मंदारचं कन्नडजवळचं शेत. मीही बघायला गेलो होतो. साहेब बांधावर फोनवर बोलत उभा. मागून ड्रोन आला, डोक्याच्या जेमतेम दोन हात वर. साहेब किंचाळत मेथीच्या वाफ्यात पालथा!

"रिॲक्शन लई खरी आली, साब," फारूख म्हणाला. "हीच ठेवा पिक्चरमध्ये."

शूटिंग तिथंच आटोपलं. गाडी गेल्यावर फारूख माझ्याकडं वळला. "काका, टेबलाचं त्याला कुणी सांगितलं? तुमच्या तोंडाला झाकण नाय का?"

संध्याकाळी मंदारकडं गेलो. सगळं कबूल केलं आणि विचारलं, "हे लिहू का?"

"लिहा काका," तो म्हणाला. "पण सगळं लिहा. माझ्या शेजारी निशाच्या नणंदेची पोर बसली होती, स्वराली, चार वर्षांची. तिला पोटाशी धरून मी खाली गेलो होतो. ते कुणी पाह्यलंच नाय."

मी समोरच्याच टेबलावर होतो. मला दिसलं होतं ते फक्त सांडलेलं ताट.