नको ते खोडावे

दुपारच्या सुट्टीत गणपुले मास्तरांचा डोळा लागतो न लागतो, तोच पुढच्या बाकावर हैबती निकम येऊन बसतो. हैबती इटलीच्या लढाईत कामी येऊन आठ महिने झाले. जन्मात त्यानं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी मास्तर हजेरी घेतात.

"निकम हैबती?"

"हाय, मास्तर."

अंगात खाकी सदरा, पोटाला पट्टी. तो बाकावर पलटणीचं छापील कार्ड ठेवतो. वर हसऱ्या शिपायाचं चित्र, खाली तयार वाक्यं. मी खुशाल आहे. मी इस्पितळात आहे. सरकार आमची उत्तम काळजी घेते. आपली फत्ते होत आहे. तळाशी बारीक अक्षरांत: नको ते खोडावे, जादा अक्षर लिहिल्यास कार्ड फाडले जाईल.

"शेजारच्या खाटेवाल्यानं वाचून दिलं, रेघा म्या मारल्या. तुमी काय वाचलंसा?"

मास्तरांना ते कार्ड गावात आलं तो दिवस आठवतो. कार्डावर इस्पितळ तेवढं उरलं होतं, बाकी सगळं खोडलेलं. पण समोर हैबतीची आई डोळ्यांत प्राण आणून बसली होती, निम्मा गाव गोळा झाला होता, आणि मास्तरांनी नेमकं खोडलेलंच खणखणीत वाचून दाखवलं. तेव्हा ते पुण्य वाटलं. आता त्याच भरवशावर हैबतीचा धाकटा भाऊ यशवंता पलटणीत निघालाय.

"अरे, तुझ्या आईकडं बघवेना रे..."

"यशवंताला सांगा."

मास्तर दाराकडे धावतात. दाराभोवती छापील चौकट आहे. वर्ग कुठे गेला कोण जाणे, दोन्ही बाजूंना खाटाच खाटा, आणि प्रत्येक खाटेवर चित्रातलं तेच हसू. "यशवंता, जाऊ नको!" असं ओरडायला ते तोंड उघडतात.

"मी खुशाल आहे," तोंडातून येतं.

पुन्हा जोर लावतात. "आपली फत्ते होत आहे." मास्तर रडकुंडीला येतात. तीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं, आणि आज स्वतःची वाचा बसली.

"हितं जादा अक्षर चालत न्हाई," हैबती म्हणतो. तो रागावत नाही, याचंच जास्त लागतं. तो जांभळी पेन्सिल पुढे करतो. "जिभंला लावा, अन् खोडा."

मास्तर पेन्सिल चाटतात. कडू जहर. एकेक छापील वाक्य खोडत सुटतात.

"मास्तर! पाया पडाय आलोय." मास्तर दचकून जागे होतात. दारात यशवंता उभा असतो. "आन् ह्ये काय? तुमची जीभ जांभळी झालीया."

मास्तर बोट जिभेला लावून बघतात. बोटही जांभळं होतं. मग ते दम न खाता सगळं सांगून टाकतात. मी खोटं वाचलं. तुझा भाऊ खुशाल नव्हता, कुणी काळजी घेत नव्हतं. जाऊ नको रे बाबा.

यशवंता डावा हात पुढे करतो. अंगठ्यावर काळी शाई.

"सकाळीच भरतीच्या कागदावर अंगठा दिला, मास्तर. आता सुटका न्हाई." तो वाकून त्यांच्या पायाला हात लावतो. "माजी कार्डं येतील. दादाचं वाचलंसा, तशीच आईला वाचून दावा."