साक्रीची तीन टियरची ऑर्डर

पोरीला पांडाचा केक हवा होता.

दुकानात तिघं आली होती. नवरी, तिचे वडील आणि आत्या. डिझाइन बघायला मी टॅब पोरीच्या हातात दिला. फुलांचे, मोत्यांचे, सोनेरी पानांचे केक सरकवत सरकवत तिचं बोट पांडावर येऊन थांबलं. आत्या हसायला लागली आणि अहिराणीत म्हणाली, "वं पोरी, लगीनना केक शे हाऊ! बारसाना नही!" वडील हसले. मीही हसले. नंतर या हसण्याची मला फार लाज वाटली, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी धुळ्यात सोळा वर्षं केक करते. सुरुवात घरच्या ओव्हनवर केली, आता दुकान आहे. पूर्वी लग्नाचा केक म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघायचे. आता साक्रीकडच्या खेड्यांतसुद्धा हळद, डीजे आणि मग रिसेप्शनच्या स्टेजवर केक, असं ठरूनच गेलंय. पोरीचे वडील साक्रीचे. खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी त्यांना भाऊ म्हणते. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाचा केक सात वर्षं माझ्याकडूनच. बोलायला गोड, वेळेवर येणारा माणूस. असा कस्टमर सापडत नाही.

"ताई, तीन मजली करा. मुलाकडचे धुळ्याचे आहेत. आपलं कमी दिसायला नको."

तीन मजली म्हणजे आमच्या भाषेत तीन टियर. मे महिन्यात हे काम म्हणजे जिवाला घोर. क्रीम गाडीतच वितळतं, म्हणून वरून फॉन्डंट लावायचा. फॉन्डंट म्हणजे साखरेचं पीठ, पोळीसारखं लाटून केकवर चढवतात. त्याची फुलं आठ दिवस आधी करून वाळवावी लागतात. कूलरची ओली हवा लागली की फुलं चिकट होऊन माना टाकतात. म्हणून ऑर्डर ठरली त्याच दिवशी मी गुलाब करायला घेतले. दोन दिवसांत चाळीस झाले.

तिसऱ्या दिवशी जुने फोटो काढले. ही माझी सवय. जुन्या कस्टमरला पूर्वीचंच डिझाइन पुन्हा जाऊ नये, म्हणून त्याच्या आधीच्या सगळ्या केकचे फोटो बघते. भाऊंच्या नावापुढे शेवटचा फोटो दिवाळीनंतरचा होता. गुलाबी केक. केकच्या मागे हीच पोर, दोन मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून. आणि केकवर मी स्वतःच्या हाताने खोचलेला आकडा. सोळा.

मी बोटांवर महिने मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहाच.

हातात पाकळी होती, ती तशीच चुरगळली.

माझे मिस्टर एसटीतून रिटायर झालेत. दुपारी दुकानात येऊन बसतात. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "चाइल्ड हेल्पलाईनला फोन लाव. आत्ता लाव. नाव सांगावं लागत नाही."

"एकदम सरकारी माणसं दारात उभी करायची? सात वर्षांची ओळख आहे. आधी भाऊंशी बोलते. कन्फर्म तर करू दे."

"चोराला विचारून कोणी पोलीस बोलावतं का गं?"

"चोर काय म्हणता? तो काय चोर आहे का?"

ते गप्प बसले. माझ्यापुढे ते गप्पच बसतात. त्या दिवशी बसायला नको होते.

कन्फर्म करणं हा माझा स्वभावच झालाय. अंडं चालेल का, नाव काय, गाडी किती वाजता. कस्टमरला दोनदा विचारल्याशिवाय मी ओव्हन लावत नाही. त्याच हाताने मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, राग मानू नका. पोरीचा गेल्या वेळचा केक मी केला होता. सोळाचा आकडा होता त्यावर. अठरा पूर्ण नाहीत ना तिला?"

पलीकडचा पंख्याचा आवाज दूर गेला, भाऊ दुकानाबाहेर आले होते. मग, "तुम्ही कसाले इचारतस, ताई?"

"काळजी वाटली म्हणून. कायद्यानं गुन्हा आहे हा, भाऊ. दोन वर्षं थांबा. तिला शिकू द्या."

"आमना घरनी गोष्ट शे ती," म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग लगेच नेहमीच्या मराठीत आले. "तुम्ही सांगितलं ते बरं झालं. विचार करतो."

तासाभरात मेसेज आला. 'लग्न पुढे ढकललं आहे. ऑर्डर कॅन्सल करा.'

मला काय आनंद झाला! मिस्टरांच्या नाकासमोर मोबाईल धरला. "बघा. एका फोनमध्ये काम. शब्दाला किंमत असते माणसाच्या." ते म्हणाले, "तरी हेल्पलाईनला कळवून ठेव." मी म्हटलं, "आता कशाला? ऐकलं ना त्यांनी? उगाच त्यांची अब्रू कशाला घालवायची?" संध्याकाळी नणंदेला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. ते चाळीस गुलाब दुसऱ्या एका केकवर लावले. सुंदर दिसला केक.

श्रावणात एका दुपारी दुकानाचं दार ढकलून एक बाई आत आली. बाई म्हणजे साडी होती म्हणून. गळ्यात मंगळसूत्र, हातात कोपरापर्यंत बांगड्या. बाहेर रिक्षापाशी एक वयस्क बाई भाजी घेत उभी होती. मी ओळखलं नाही. तिनेच विचारलं, "ताई, मला ओळखलं का?"

मग ओळखलं.

"अगं, लग्न तर पुढे ढकललं होतं ना?"

"पुढे नाही. अलीकडे आणलं. ऑर्डर कॅन्सल केली त्याच्या तिसऱ्या दिवशीच लावलं, आत्याच्या गावी, शेतात. डीजे नाही, काही नाही." बोलताना तिचं लक्ष सारखं दाराकडे. "तुम्ही पप्पांना फोन केला होता ना?"

"हो गं. तुझ्यासाठीच केला."

"त्यांना वाटलं, मीच तुम्हाला सांगितलं. त्याच दिवशी माझा मोबाईल काढून घेतला." ती बांगड्या मागे सारत म्हणाली, "मी कॉलेजच्या मॅडमना सांगणार होते. त्या म्हणाल्या होत्या, कुणाच्या घरी असं ठरलं तर मला फक्त एक मेसेज करा. मी लिहूनसुद्धा ठेवला होता. पण पाठवायची भीती वाटत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. मी तिचा हात धरायला गेले तर बाहेरून सासूची हाक आली. "येते, आई," म्हणत ती गेली. काय घ्यायचं म्हणून आत आली होती, तेही विचारायचं राहिलं.

मी तेव्हाच हेल्पलाईनला फोन लावला. चार मिनिटं लागली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "लग्न ठरलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"मे महिन्यात. लग्नाच्या आधी."

"मग तेव्हा का नाही कळवलं?"

"सात वर्षांची ओळख होती," मी म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पुढे तिच्या सासरी हेल्पलाईनची माणसं जाऊन आली. पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या मर्जीनं झालं, मी खुशीत आहे. सगळ्यांसमोर विचारल्यावर दुसरं काय सांगणार ती? कागद पुढे सरकत आहेत, एवढंच मला सांगतात. भाऊ आता केक दुसरीकडून नेतात. त्याचं मला काही नाही.

भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. माझ्या भिडेने मात्र मला भिकेला लावलं नाही, ती दुसऱ्याच्या पोरीला महाग पडली. दुकानात नव्या मुली शिकायला येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते. अंडं, नाव, वेळ, पत्ता, सगळं कस्टमरला विचारून कन्फर्म करा. नवरीचं वय मात्र तिच्या बापाला विचारू नका. शंका आली की सरळ हेल्पलाईनला फोन लावा.