साबण लावून बांगडी चढवू नका

बायांनो, आजचं आजच सांगते. सकाळी माझ्या भाचीचं, सुमनचं, डोहाळजेवण होतं. हिरव्या बांगड्या हातात जाईनात. तिची सासू हसून म्हणाली, "अंग भरलंय पोरीचं. साबण लावा."

सुमन माझ्या कानात म्हणाली, "मावशी, डोकं लय दुखायलंय. डोळ्यापुढं काजवे चमकायलेत."

मी ओरडले, "अंग भरलेलं नाही, सूज हाय ही! गाडी जुंपा!"

जिंतूरच्या दवाखान्यात हैदराबादेहून शिकून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, तो लय चढलेला, अन् लगेच इंजेक्शन दिलं, मग गोळ्या. संध्याकाळी दाब उतरला, डोक्याचा ठणका थांबला, अन् पोटातल्या बाळाचे ठोके खणखणीत! जिंकलो आमी!

बाळंत होईस्तोवर सुमन तिथंच राहणार. बांगड्या तिच्या उशाशी हायत.

तुमच्याकडं बांगडी अडली, तर साबण शोधाल का गाडी जुंपाल?