अंगठ्याखालची नाडी

समोर माणूस निपचित पडला आहे. हाक मारली तर ओ देत नाही. तुम्ही त्याचा हात हातात घेता. कोणतं बोट कुठे ठेवता, आणि का?

उत्तर लगेच देऊ नका. आधी मी पाहिलेलं सांगतो.

मी फौजेत रेडिओ ऑपरेटर होतो. सात वर्षं नोकरी केली. गुडघा गेला, मेडिकल बोर्ड झाला, घरी आलो. घर अर्धापूरजवळ, केळीची बाग आहे. लोक विचारतात, बॉर्डरवर काय पाहिलंस? मी बॉर्डरही पाहिली. पण जे रोज आठवतं, ते लोह्याच्या पलीकडच्या एका नदीकाठच्या गावातलं आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

ऑगस्ट होता. तीन दिवस पाऊस पडत होता आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, पहाटे नांदेडला पोहोचला. गुरुद्वाऱ्यात चहा आणि लंगर घेतला. लान्स नायक जसबीर सिंग डोकं टेकवून आला आणि म्हणाला, आता कितीही पाणी असू दे. जसबीर बोट चालवायचा. मोटारीच्या आवाजावरून तो पेट्रोलमध्ये पाणी गेलंय का ते सांगायचा.

लोह्याच्या पुढे एका मंगल कार्यालयात आमचा कॅम्प लागला. दिवस ठरलेला असे. ०५३० ला चहा, ०६०० ला ब्रीफिंग, त्याआधी मेडिकल चेक. चेक करायचा नायक सलीम, आमचा नर्सिंग असिस्टंट. उदगीरचा. वडिलांचं किल्ल्याच्या रस्त्याला शिवणाचं दुकान. तो माझ्याशी मराठीत आणि बाकीच्यांशी हिंदीत बोलायचा, आणि दोन्हीत उदगीरच ऐकू यायचं. मला तो केळीवाले म्हणायचा.

बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाची नाडी सलीम बघायचा. तीन बोटं, तर्जनीपासूनची, समोरच्याच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली. हलका दाब. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचा. चाल अडखळली तर पूर्ण मिनिट. बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साठ ते शंभर असते, धावणाऱ्या जवानाची त्याहून कमी. जसबीरची बावन्न होती.

सलीम म्हणाला, "पाजी, इंजन आयडलिंग पे है. जिंदा हो कि सो रहे हो?"

"डॉक्टर साहब, पराठा दिला दो. रेस दे दूँगा."

सलीम डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला डॉक्टर साहब म्हणत. दुसऱ्या दिवशी त्याने एका धडधाकट जवानाला बोटीवरून उतरवलं. जवान म्हणत होता मला काही झालेलं नाही. बसल्या जागी नाडी एकशे वीस लागत होती. दुपारपर्यंत तो तापाने फणफणला. मी सलीमला विचारलं, आकड्यावरून कळलं का? तो म्हणाला, आकडा पुढची गोष्ट. पहिल्यांदा चाल बघायची. भरून येते का दोऱ्यासारखी लागते, एकसारखी आहे का मध्येच ठोका गाळते. रक्त वाहून गेलेल्या माणसाची नाडी जोरात पळते पण बोटाखाली भरत नाही. हे त्याने मला चहा पिताना, माझाच हात धरून शिकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जसबीरची बोट वस्तीवरून माणसं आणत होती. त्या खेपेला माणसं ठरल्यापेक्षा जास्त बसली, कारण मागे कुणी थांबायला तयार नव्हतं. एक म्हातारी लाइफ जॅकेटशिवाय बोटीत पाय ठेवेना. जसबीरने अंगातलं काढून तिला घातलं. परतताना मोटारीच्या पंख्यात काटेरी तारेचं कुंपण अडकलं. ते सोडवायला तो बाहेर वाकला. वाहत आलेलं बाभळीचं खोड त्याला लागलं आणि तो पाण्यात गेला. बोट उलटली नाही. दुसऱ्या जवानाने ती काठाला आणली. म्हातारीसह सगळे वाचले.

मी आणि सलीम दुसऱ्या बोटीवर होतो. जसबीरची बोट ब्राव्हो टू, आमची ब्राव्हो थ्री. रेडिओवर ऐकू आलं.

"ब्राव्हो टू, एक आदमी पानी में. जसबीर. बहाव की तरफ गया. ओव्हर."

सुभेदार साहेब कंट्रोलवर होते. "ब्राव्हो थ्री, नीचे की तरफ जाओ. दोनों किनारे देखो. आउट."

आम्ही खाली निघालो. वीसेक मिनिटांनी खालच्या गावाच्या काठावर माणसं हात हलवताना दिसली. गावातल्या पोहणाऱ्यांनी कमरेला दोर बांधून उड्या घेतल्या होत्या आणि काठावरच्यांनी ओढून जसबीरला बाहेर काढला होता. त्यासाठी दोन तरुण स्वतः बुडता बुडता वाचले. गावाने त्याला शाळेच्या व्हरांड्यात बाजेवर निजवलं, ओले कपडे काढले, चार घोंगड्या घातल्या. बायका तळपाय चोळत होत्या. कुणी नाकाशी कांदा धरला होता. उशाशी ज्ञानोबा तात्या बसले होते, दोर ओढून अजून धापा टाकत, जसबीरचं मनगट हातात धरून.

तात्यांचं गावात एक काम होतं. कुणी शेवटाला लागलं की त्यांना बोलावणं जाई. ते मनगट धरून बसत. त्यांनी हात खाली ठेवला की मगच घरातल्या बायका रडायला सुरुवात करत. त्याआधी रडलं तर तात्या रागावत. आमच्या भागात बऱ्याच गावांत असा एक माणूस असतो.

"चालू हाय," तात्या आम्हाला बघून म्हणाले. "चांगली जोरात चालू हाय. घाबरू नगा."

सलीमने आधी जसबीरची छाती बघितली. मग गालाजवळ कान नेला. मग दोन बोटं गळ्याच्या घाटीच्या बाजूला, खाचेत ठेवली. फार तर दहा सेकंद. त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने घोंगड्या ओढून फेकल्या, मला म्हणाला खाली घे, आणि आम्ही जसबीरला बाजेवरून फरशीवर घेतला. सलीमने तोंडाने श्वास दिले आणि छाती दाबायला लागला.

लोक अंगावर आले. जिता माणूस, नाडी चालू, आणि हे त्याची छाती मोडून राहिले, असा गलका झाला. एकाने सलीमचा खांदा धरला. मी मध्ये उभा राहिलो. मी अर्धापूरचा आहे, हा आमचा भाऊ आहे, याला काम करू द्या, असं ओरडून सांगितलं. बोलीमुळे ते थांबले. वर्दीमुळे थांबले नसते.

"कंट्रोल, ब्राव्हो थ्री. जसबीर मिला. नो पल्स, नो ब्रीदिंग. सीपीआर चालू. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"डॉक्टर निकला. छोड़ना मत. आउट."

आम्ही सोडलं नाही. सलीम थकला की मी दाबायचो, मी थकलो की तो. तात्यांनीही हात सोडला नव्हता. ते गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा सांगत होते, चालू हाय, मला लागून राहिली, चालू हाय. डॉक्टर कॅप्टन बोटीने आले तेव्हा पाऊण तास झाला होता. त्यांनी तपासलं, आणखी प्रयत्न केले, मग घड्याळ बघितलं आणि जसबीर गेल्याचं सांगितलं.

तात्यांचा विश्वास बसला नाही. जसबीरला बोटीत ठेवल्यावर ते सलीमजवळ आले.

"बाबा, म्या झूट न्हाई बोललो. माझ्या अंगठ्याखाली काय चालत व्हतं मग?"

सलीम ओल्या पायरीवर बसला. खोटं बोलून त्याला सुटता आलं असतं. तो म्हणाला, "तात्या, ते तुमचंच होतं."

मग त्याने समजावलं. अंगठ्यात आपली स्वतःची शीर जोरात उडते. एरवी तुम्ही शांत बसून बघता, म्हणून लागत नाही. आज तुम्ही दोर ओढलात, धावलात, घाबरलात. तुमचं काळीज पळत होतं, ते तुम्हाला त्याच्या मनगटात लागलं. आणि बेशुद्ध माणसाचा श्वास चालत नसेल तर नाडी शोधत बसायचंच नाही. नीट सापडायला शिकलेल्या माणसालाही वेळ लागतो. तेवढ्यात छाती दाबणं सुरू व्हायला हवं.

तात्यांनी स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी जे विचारलं, ते मला अजून झोपू देत नाही.

"मग आधीचे? ज्येंचा हात म्या खाली ठिवला, त्ये?"

सलीम म्हणाला, "मी तिथं नव्हतो, तात्या. मला नाही सांगता येणार."

आता माझा राग सांगतो. तो तात्यांवर नाही. परक्या मुलुखातल्या जवानासाठी ज्या गावाने आपली पोरं पुरात घातली, त्या गावाला कुणी एका दुपारी बसून हे शिकवलं नव्हतं. आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं. ज्या शाळेच्या व्हरांड्यात जसबीर पडला होता, तिच्या भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र होतं, चार कप्पे, निळ्या आणि लाल नळ्या. मुलं ते काढून मार्क मिळवतात. ते हृदय बंद पडलं तर हात कुठे ठेवायचे, हे त्या चित्रात नव्हतं. पूल बांधायला निधी लागतो, मान्य. हे शिकवायला एक सतरंजी लागते. ज्ञान दवाखान्याच्या फाटकाआड ठेवायचं आणि मग अडाणी म्हणून गावाला हसायचं, हा अन्याय आहे. लगेच दाबलं असतं तर जसबीर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण त्याला संधी मिळाली असती. मी त्या संधीचा हिशोब मागतो आहे.

जसबीरच्या वडिलांचा फोन आला तेव्हा सुभेदार साहेबांनी तो माझ्याकडे दिला, कारण मी तिथे होतो. वडिलांनी बोट, पाणी, जॅकेट यातलं काहीच विचारलं नाही.

"अकेला तो नहीं था?"

मी म्हणालो, "नहीं जी. एक बुज़ुर्ग ने हाथ पकड़ रखा था. छोड़ा ही नहीं."

मग ते म्हणाले, "उनको मेरी सत श्री अकाल कहना."

पाणी ओसरल्यावर मी तो निरोप तात्यांना घरी जाऊन दिला. त्यांनी टोपी काढली, जसबीरचं पूर्ण नाव विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं. लान्स नायक जसबीर सिंग. वय एकोणतीस. नाडी बावन्न, भरलेली, एकसारखी.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज घरातल्या कुणाच्या तरी मनगटावर तीन बोटं ठेवा, अंगठा नाही, आणि मिनिटभर मोजा. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना किंवा डॉक्टरांना गाठून छाती दाबायला शिका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लिहून द्या. आणि तुमच्या गावात ज्यांना हात बघायला बोलावतात, त्यांच्या घरी जा. चारचौघांत त्यांची चूक काढू नका. शेजारी बसा, तुमचा हात त्यांच्यापुढे करा आणि त्यांची बोटं योग्य जागी ठेवून द्या.