खाडीकाठची भट्टी

लोखंडी सळई कोपरावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज शालनला स्वतःला ऐकू आला. दुसरी सळई हरिश्चंद्र सावंतांच्या डोळ्यावर बसली. ते गावाशेजारच्या इंद्रलोक वसाहतीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, तिच्यासोबत भट्टीचे फोटो काढायला आले होते. ते तिथेच कोसळले. "अब समझ में आया?" म्हणत भट्टीवाल्या भावेशच्या माणसांनी त्यांचा मोबाईल ठेचला आणि शालनला केसांना धरून चिखलातून फरफटवलं.

तिच्या सासरची मिठागरं गेली त्या जागी भावेश तारा जाळून तांबं काढायचा. काळा धूर घरात शिरायचा. शालनची नात चांदणी धापा टाकत बसलेली असायची. धूर सोसायट्यांनाही सोडत नव्हता, म्हणून शालन जिने चढून दारं वाजवत फिरली. गावातल्या बाया आणि फ्लॅटवाले पहिल्यांदाच एकत्र बसले. मागणी ठरली: वस्तीजवळ अशा भट्ट्यांना महापालिकेने बंदी घालावी आणि पोरांच्या छातीच्या तपासणीसाठी दवाखाना काढावा.

हाताला प्लास्टर घालून ती घरी आली, तर नवरा रघू कोयत्याला धार लावत होता. अंगणात गडी काठ्या घेऊन जमलेले.

"भावेशला आज जित्ता ठेवत न्हाय!"

शालन दारात आडवी झाली. "तू जेलात जाशील, भट्टी त्याचा भाऊस चालवल. पोरीचा दम तसाच हाय."

रघूने तिला ढकललं. मोडका हात चौकटीवर आदळला आणि ती अशी किंचाळली की कोयता त्याच्या हातातून गळून पडला.

"सगले मिलून पालिकेत चला," ती विव्हळत म्हणाली. "हातात काय न्हाय घ्यायचा."

सभेच्या दिवशी पालिकेच्या पायऱ्यांवरच भावेशच्या माणसाने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फाटला. रघू पुढे झाला, पण त्याने हात उचलला नाही. शालन तशीच आत गेली आणि तोंडातलं रक्त गिळत बोलली. बंदीचा ठराव झाला, दवाखानाही मंजूर झाला. भट्टी तुटली, भावेशला अटक झाली.

सावंतांचा डोळा मात्र गेला. शालन भेटायला गेली तेव्हा त्यांच्या बायकोने दार अर्धवटच उघडलं. "आता काय न्यायला आलात?"

शालन उंबऱ्याबाहेरच थांबली.

आतून सावंतांचा आवाज आला, "त्यांना आत येऊ दे. दवाखाना कधी उघडतोय, विचारायचंय."