भावाची गोफण

माझा थोरला भाऊ धरणगावजवळच्या आमच्या शेतात दादर ज्वारी पेरायचा. दाणा दुधात आला की तो राखणीच्या माळ्यावर चढायचा आणि गोफण फिरवायचा. गोटा सणसणत पलीकडच्या बांधावर पडे आणि पाखरांचे थवेच्या थवे उठत. एका हिवाळ्यात सरकी काढायच्या जिनात कापूस नेताना त्याची गाडी उलटली आणि उजवा खांदा निखळला. हाड बसवणाऱ्याने तो बसवला, पण वाकडाच.

पुढच्या वर्षी नाताळच्या सुटीत मी जळगावहून घरी गेलो. तिथल्या इंग्रजी शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. भाऊ माळ्यावर उभा होता. त्याने गोफण फिरवली, पण गोटा जवळच्याच ज्वारीच्या ताटांत पडला. पाखरं जागची हललीही नाहीत.

"देख," तो म्हणाला, "बठ्ठी पाखरं तठेच बसतस. तुन्हा शास्तरमा काही इलाज शे का रे?"

मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. हाताचा वेग निम्मा झाला की अंतर निम्मं नाही, चौथाईच उरतं.

"म्हंजे वेगच पाहिजे," तो म्हणाला.

"हो, भाऊ. पण गोटा जरा वरच्या रोखाने सोडून बघ."

त्याने तसं केलं. गोटा थोडा लांब गेला. त्याला उमेद आली आणि त्याने आणखी वर सोडला. गोटा उंच गेला खरा, पण पहिल्यापेक्षाही अलीकडे पडला. मग बारीक खडे घेतले, ते वाऱ्यानेच अडवले. शेवटी त्याने सगळा जीव एकवटून गोफण गरकन फिरवली आणि तो खांदा धरून खाली बसला. गोटा कुठे गेला, आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

वहिनी पत्र्याचा डबा बडवत, ओरडत बांधाबांधाने पळत होती. ती एका टोकाला पोचली की पाखरं दुसऱ्या टोकाला बसत. मीही हाका मारत धावलो. संध्याकाळपर्यंत आम्हा दोघांचे आवाज बसले होते.

कापणीला मी नव्हतो. वहिनीने नंतर सांगितलं, पलीकडच्या निम्म्या रानात कणसांची दाणे टिपलेली नुसती बोंडकं उरली होती. त्यानंतर भावाने ते रान वाट्याने देऊन टाकलं. मी सुटीत गेलो की तो ओट्यावर बसलेला असे, डावा हात उजव्या खांद्यावर. शाळेत काय शिकवतोस, असं पूर्वी तो हौसेने विचारायचा. आता विचारत नसे, आणि मीही आपणहून सांगत नसे.